डब्यांतली झाडं

माझ्या जावयाला, लायटनला, आळशी म्हणायचा हक्क फक्त माझा. दुसऱ्या कुणी म्हटलेलं मी खपवून घेत नाही. मक्याची खुरपणी तो एकट्याने उरकतो, माझं छप्पर न सांगता शाकारतो. पण लेकीच्या, एस्नातीच्या, शेतात एक झाड लावील तर शपथ. आणि आता म्हणे पीक निघालं की आपल्या आईच्या गावी कायमचा जाणार. एस्नाती रडून रडून अर्धी झाली.

त्यातच झोम्बा शहरातल्या कॉलेजातून दोघं आले. तियामिके ही पोरगी माती खणून नळ्यांत भरायची. स्कॉटलंडचा ईवन माणसांना प्रश्न विचारत हिंडायचा. ती म्हणाली, म्सांगूचा पाला कुजून त्या झाडाखालची माझी माती काळीभोर, लेकीची दमलेली, तेव्हा जावयाला झाडं लावायला सांगा. तो म्हणाला, आधी तो का लावत नाही ते विचारा. माझ्याच ओट्यावर, माझीच मक्याच्या पिठाची न्सिमा खात दोघं भांडले. मी दोघांनाही लेकीच्या घरी पिटाळलं आणि मागोमाग गेले.

न्हाणीच्या आडोशाला तेलाच्या जुन्या डब्यांत म्सांगूची रोपं होती. जावयाचा काहीतरी चाळा म्हणून मी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तियामिकेने डबा उचलला, तर बुडातून मुळं लोंबत होती.

"आजी, जमिनीविना गुदमरलीत ही."

ईवन हळूच म्हणाला, "पण डबे उचलून नेता येतात."

आमच्यात घर बाईचं, जमीन बाईची. बिनसलं की नवरा चटई आणि कुदळ घेऊन निघतो. झाड मागे राहतं.

"मग बोला ना जावयाशी," तियामिके म्हणाली.

सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही, हे कॉलेजात जाऊन विसरलीस वाटतं, असं मी तिला सुनावलं.

संध्याकाळी कुडापलीकडे लायटन कुदळीला धार लावत होता. मी ठिपक्यांची कोंबडी धरली.

"ऐक गं कोंबडे. वारुळापासून ओढ्यापर्यंत जो झाड लावील, त्याचंच ते झाड. उद्या बायकोशी पटलं नाही तरी त्याचंच. आणि डब्यात झाडं कोंडणाऱ्याला अक्कल कधी येणार, तेवढं विचार."

धारेचा आवाज थांबला. मग पलीकडून खाकरणं आलं.

"कोंबडे, मालकिणीला सांग, वारुळाजवळ वाळवी खाईल. ओढ्याकडून सुरुवात करतो."

मेला उलट बोलतो. मी कोंबडीला मूठभर मका टाकला आणि एस्नातीला डोळे पुसून चूल पेटवायला सांगितलं.