सदतीस पाकिटं

आमच्या शाळेच्या संगणक खोलीत वीस संगणक आहेत आणि एकालाही नेटवर्क नाही. केबल भिंतीतून येते, खिडकीपर्यंत जाते आणि तिच्यावर शिपाईमामा फडकी वाळत घालतात. अशा खोलीत मी माहिती एका संगणकावरून दुसऱ्यावर कशी जाते ते शिकवतो. फळ्यावर तळं काढून पोहायला शिकवावं, तसं.

माझी नेमणूक तात्पुरती, शनिवारी संपणारी. मुदतवाढीचा अर्ज शुक्रवारी पाचच्या आत कार्यालयात दाखल झाला नाही, तर मी घरी. मंगळवारीच घेऊन गेलो. हेडक्लार्कना अख्खी शाळा बघूसाहेब म्हणते. मान वर न करता म्हणाले, "ठेवा तिथं. बघू."

"साहेब, पोच द्या ना. शिक्का मारून."

"माझ्यावर विश्वास नाही का, सर?"

विश्वास गेल्या वर्षी चित्रकलेच्या बाईंनीही ठेवला होता. त्यांचा अर्ज म्हणे मिळालाच नाही. बाई आता घरी चित्रं काढतात, हवी तेवढी.

शुक्रवारी दहावीला सांगत होतो, "संदेशाची छोटी पाकिटं करतात. प्रत्येकाला क्रमांक. पाकीट मिळालं की समोरचा पोच देतो."

"नाहीच दिली तर?" पहिल्या बाकावरची शंका म्हणाली. नाव तिचं वेगळं आहे, पण वर्गाला ते आठवत नाही.

"ठरावीक वेळ थांबायचं आणि तेच पाकीट पुन्हा पाठवायचं. पोच येईपर्यंत."

"लाज नाही वाटत?"

"संगणकाला कसली लाज."

"मग सर, तुम्हाला कशाला वाटते?"

वर्ग हसला. माझ्या अर्जाचं काय झालं ते शिपाईमामांनी सगळ्या शाळेला सांगून ठेवलं होतं. मी प्रिंटर सुरू केला; खोलीत तेवढाच धड आहे. वर्गात पोरं सदतीस, प्रती सदतीस, प्रत्येकीवर माझी सही. वहीत लिहिलं: प्रात्यक्षिक.

साडेतीनला कार्यालयाच्या खिडकीशी रांग लागली.

"सरांचा अर्ज. पोच द्या."

"ठेव तिथं."

दोन मिनिटांनी दुसरा. "सरांचा अर्ज."

"अरे, आत्ताच एक दिला ना?"

"पोच नाही आली, साहेब. म्हणून पुन्हा पाठवलाय."

बाराव्याला साहेबांचा चहा गार झाला. विसाव्याला ते बाथरूमला गेले. एकविसावा दाराबाहेर उभा राहिला. सदतिसावी शंका होती. तिचा कागद पडला आणि साहेबांनी शिक्का काढला. रागारागात अख्ख्या गठ्ठ्यावर मारत सुटले. नियमाचा माणूस, त्यामुळे प्रत्येक कागदाला वेगळा आवक क्रमांक.

शनिवारी मोठ्या बाईंनी बोलावलं. समोर आवक रजिस्टर उघडं होतं.

"सर, तुमच्या एका जागेसाठी सदतीस अर्ज आलेत. स्पर्धा फार वाढलीय."

"बाई, तुम्ही वाचलेत का ते?"

"अर्ज समिती वाचते, मुलाखतीच्या दिवशी. समिती महिन्यातून एकदा बसते आणि एका बैठकीत एकच मुलाखत घेते. सगळ्या होईपर्यंत तुम्हीच शिकवा. वाईट वाटून घेऊ नका."

सदतीस महिने. तीन वर्षं आणि वर एक महिना. मी वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि बाहेर आलो.

सोमवारी शंका उभी राहिली. "सर, एकच पाकीट सदतीस वेळा आलं, तर घेणाऱ्याला कळत नाही?"

"कळतं. क्रमांक बघून जास्तीची फेकून देतो."

"मग आपल्या इथं?"

"तुझा धाकटा भाऊ कितवीत आहे?"

"सातवीत."

"तो दहावीत आला की त्याला शिकवीन. बस खाली."