नाव न विचारता

पान्याचा दुसरा घाव उत्कर्षनं लॅपटॉपवर घातला, तेव्हा पडद्यावर पिल्लं पाठीवर घेतलेली एक कोळीण होती. काच तडकली, पडदा काळा पडला आणि टेबलासकट सगळं खाली आलं.

"नीलिमा कुठं हाय ते सांगा, बाई," तो म्हणाला.

आवाज चढलेला नव्हता. दहावीत गणित अडलं की तो याच आवाजात सुकेशनीबाईंना विचारायचा. आता मेडशीच्या स्टँडजवळ त्याचं मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं, आणि हातात तिथलाच मोठा पाना होता. पहिला घाव त्यानं दाराच्या कडीवर घातला होता. कडी तुटून उंबऱ्यात पडली होती.

"मले माहीत नाई," सुकेशनी म्हणाली.

तिला माहीत होतं.

निवृत्त झाल्यावर तिनं स्वतःच खटपट करून इंटरनेटवर आपलं एक पान उघडलं होतं. आधी त्यावर फक्त कोळी होते. तुरीच्या शेतातले, न्हाणीतले, कंदिलामागचे. मग करटुल्यांची भाजी आली, पेटीवर बसवलेल्या दोन-चार चाली आल्या. लोक हसायचे, पण बघायचे. एकदा शेजारच्या म्हातारीचं मांडीचं हाड मोडलं, तर सुकेशनीनं कोळ्याच्या फोटोखालीच लिहिलं, की कुणाकडे चाकाची खुर्ची पडून आहे का. दुसऱ्या दिवशी आसेगावहून एसटीच्या टपावर बांधून खुर्ची आली. त्यानंतर तिनं 'हाक' नावाचा वेगळा भागच केला. कुणाला रक्त हवं असायचं, कुणाला दवाखान्यात डबा, कुणाला अकोल्याला जायला गाडी. वर तिनं एकच ओळ लिहून ठेवली होती: गरज सांगा, नाव सांगायची गरज नाही.

गेल्या आठवड्यात तिथं हाक आली. 'एक बाई, एक पोरगी. अकोल्याले जायचं हाय. परत यायचं नाई.'

सुकेशनीनं अमरदीपला सांगितलं. त्याची दुधाची गाडी रोज पहाटे अकोल्याला जायची. बाई गाडीत बसली तेव्हा त्यानं तिला ओळखलं. उत्कर्षची नीलिमा. तिचा एक डोळा सुजून मिटला होता, आणि कडेवरच्या पोरीनं सबंध वाटेत तोंडातून शब्द काढला नाही. दोघींना ज्या घरी उतरवलं, त्याचा पत्ता त्यानं परतल्यावर सुकेशनीला सांगितला.

उत्कर्षनं खिशातून मोबाइल काढून तिच्यासमोर धरला.

"हे तुमचंच पान हाय ना? 'परत यायचं नाई.' माह्या बायकोचं बोलणं मले वळखू येत नाई का?"

"मी कोणाचं नाव विचारत नाई, उत्कर्ष."

"मंग मी विचारून राह्यलो."

त्यानं पाना उचलला. सुकेशनीनं डोक्यावर हात घेतला आणि घाव मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला, कपाशीची वाळकी पऱ्हाटी पायाखाली यावी तसा. ती खाली बसली.

आतल्या खोलीतून तिचे वडील, ग्यानबा, चौकट धरत बाहेर आले. ऐंशी उलटलेल्या त्या माणसानं उत्कर्षच्या सदऱ्याला हात घातला. उत्कर्षनं त्यांना नुसतं ढकललं. ते पेटीवर जाऊन पडले आणि पेटीतून एक लांब, बेसूर सूर निघाला. उठायची त्यांची धडपड सुरू होती, पण पाय साथ देत नव्हते.

"बाबा, उठू नका," सुकेशनी म्हणाली.

दारात माणसं जमली होती. त्यातल्या तिघांच्या घरचे आजारी तिच्याच पानावरून बोलावलेल्या गाड्यांतून दवाखान्यात गेले होते. पण पान्याकडे बघून कुणाचा पाय उंबऱ्याच्या आत पडत नव्हता.

"आखरी विचारतो, बाई."

सुकेशनीनं नाही म्हणून मान हलवली. त्यानं लाथ मारली, बरगडीत. मग पुन्हा तिथंच. तिला श्वास सापडेना. अकोल्यातल्या त्या घराचा पत्ता जिभेवर आला होता, आणि तो बाहेर पडू नये म्हणून तिनं पदराचा बोळा दातात धरला.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत बेबीताई आत आली. उत्कर्षची आई. दारातल्या बायांना वाटलं, लेकाची बाजू घ्यायला आली. आजवर तिनं तेच केलं होतं. नीलिमाच्या रडण्याचा आवाज गल्लीत आला की बेबीताई ओट्यावर येऊन म्हणायची, 'घरोघरी असतेच थोडंफार.'

ती सुकेशनीच्या समोर येऊन उभी राहिली. लेकाकडे तोंड करून.

"तिले कायले मारतं? गाडी म्या बोलावली."

उत्कर्ष थांबला. "तुले लिहाले तरी येते का, माय?"

"बोललं का लिहिल्या जाते त्याच्यात. नीलिमानं शिकवलं मले."

"खोटं बोलून राह्यली तू."

"म्याच धाडलं तिले. माह्या हातानं पिशवी भरली. पोरीचं स्वेटर घातलं त्याच्यात."

ती सावकाश बोलत होती, बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तशी. उत्कर्षचा चेहरा आधी पोरासारखा झाला. मग पाना वर गेला आणि आईच्या डोक्यावर उतरला.

बेबीताई सुकेशनीच्या अंगावर कोसळली. तिचं गरम रक्त सुकेशनीच्या गळ्यावरून पोलक्यात उतरलं. तेव्हा कुठं दारातली माणसं आत आली. त्यांनी उत्कर्षला पाडलं, पाना हिसकला आणि मग त्याला इतकं मारलं की शेवटी ग्यानबांनाच ओरडावं लागलं, "पुरे करा, मरून जाईन तो."

वाशीमच्या सरकारी दवाखान्यात दोघींच्या खाटा शेजारी लागल्या. सुकेशनीचा हात प्लास्टरमध्ये होता, बरगड्यांना पट्टा होता. बेबीताईच्या डोक्याला टाके पडले होते आणि एका कानानं ऐकू येत नव्हतं. 'हाक'वर कुणीतरी लिहिलं असावं. दुपारपर्यंत डबे येत राहिले. मेथीची भाजी, भाकर, एकात नुसता मऊ भात. बाबांपाशी झोपायला कोण जाणार तेही परस्पर ठरलं होतं. आणून देणारा नुसता पोचवणारा असायचा, डबा कुणाचा ते त्यालाही माहीत नसायचं.

पोलीस जबाब घेऊन गेल्यावर सुकेशनी कुशीवर वळली.

"मावशी, ते खरंच तुमी लिहिलं होतं?"

"मले कुठं मोबाइल जमते?" बेबीताई छताकडे बघत म्हणाली. "ती गेली हे मले सकाळी चूल थंडी दिसली तवा समजलं."

"मंग स्वेटर?"

"खुंटीवर नव्हतं. म्हून सांगतलं."

सुकेशनीला भिंतीपलीकडून येणारं सुनेचं रडणं रोज ऐकणारी बाई आठवली, आणि आपल्यावर उचललेल्या पान्यासमोर येऊन उभी राहिलेलीही. दोघी एकच होत्या. आपण हिच्या कुणीतरी लागतो, असं तिला वाटलं. पानावर लिहिलेली ती एक ओळ हिच्यासाठी मोडायला हरकत नव्हती. ती खाटेच्या कडेला सरकली आणि आवाज उतरवून म्हणाली,

"मावशी, नात बरी हाय तुमची. त्या दोघी अकोल्यात..."

बेबीताईनं हात लांबवून तिच्या तोंडावर ठेवला. हाताला औषधाचा वास होता.

"नोको सांगू, बाई."

"तुमाले तरी सांगतलं पायजे."

"मी माय हाव त्याची," बेबीताई म्हणाली. "आज ना उद्या तो सुटून येईन. पायापाशी बसून रडला का, सांगून देईन मी."

तिनं हात काढला नाही. सुकेशनीनं डोळ्यांनीच हो म्हटलं, तेव्हा काढला, आणि भिंतीकडे तोंड करून पडली.