बागेत नसलेलं गाढव

आमच्या साखर कारखान्याच्या बालोद्यानात आलेला माणूस हत्तीपाशी फोटो काढतो, सिंहाच्या जबड्यात पोराचं डोकं घालतो आणि सगळं फिरून झालं की मला विचारतो, "मास्तर, गाढव कुठंय?" विचारणारा राहुरी-देवळालीकडचाच असतो, कारण ते गाढव या भागातल्या प्रत्येकानं पडद्यावर पाहिलंय. मी सांगतो, जागा पुरली नाही. दोन वर्षं हे खोटं बोलतोय आणि आता ते इतकं घासून गुळगुळीत झालंय, की बोलताना लाजही वाटत नाही. आज खरं सांगतो.

दर हंगामात सरकारी प्रचाराची गाडी यायची. ऊसतोड्यांच्या कोप्यांपुढं पांढरा पडदा बांधायचे. आधी कुटुंबनियोजन, मग देवीची लस, आणि माणसं पेंगायला लागली की चित्रांचे सिनेमे. हातानं काढलेलीच चित्रं, पण पळणारी, बोलणारी. हत्तीचा एक, सिंहाचा एक, मोराचा, हरणाचा आणि पाचवा गाढवाचा.

गाढवाच्या सिनेमात जंगलातले प्राणी बंधारा बांधायला काढतात. दगड वाहतं एकटं गाढव. बंधारा होतो, पाणी अडतं आणि हार पडतो हत्तीच्या गळ्यात. सगळ्यांचं पिऊन झाल्यावर गाढव पाण्याला तोंड लावतं, पाण्यातलं आपलंच तोंड बघतं आणि हसतं. तिथं सिनेमा संपायचा. ऊसतोड्यांच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि त्याच पदरानं डोळे पुसायच्या. पोरं हा सिनेमा दोनदा दाखवल्याशिवाय गाडी हलू देत नसत. एकदा तर त्यांनी चाकाखाली दगड लावून ठेवले होते.

एकाहत्तर साली चेअरमन आप्पासाहेबांच्या मनात बालोद्यान आलं. पाच सिनेमे, पाच पुतळे. मी कारखान्याच्या शाळेत चित्रकला शिकवतो आणि गणपतीच्या मूर्तीही करतो, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. सिमेंट परमिटवर मिळायचं, म्हणजे ते डायरेक्टर लोकांकडूनच येणार. मग आमच्याकडची जुनीच रीत लावली. देवळाची पायरी असो की शाळेची खोली, जो देतो त्याच्या वडिलांचं नाव दगडावर लागतं. तसंच इथं ज्याचं सिमेंट, त्याच्या कैलासवासी वडिलांचं नाव पुतळ्याच्या चौथऱ्यावर.

हत्ती अर्थातच आप्पासाहेबांनी घेतला. 'कै. भिमाजी पाटील यांच्या स्मरणार्थ.' सिंहावरून दोन डायरेक्टर एकमेकांशी बोलेनासे झाले. मोर गेला. हरीणही गेलं, ज्यांच्या नावानं गेलं ते गृहस्थ हयातभर संधिवातानं ओट्यावर बसून होते, पण ते सोडा. गाढवाला मात्र गिऱ्हाईक मिळेना. मीटिंगमध्ये विषय निघाला की सगळे एकदम पान लावायला घ्यायचे. शेवटी एक म्हातारे डायरेक्टर म्हणाले, "मास्तर, गाढवाखाली तुमी टाकता का तुमच्या बापाचं नाव?" सगळे हसले. मीही हसलो. माझे वडील अजून जिवंत होते, एवढीच माझी सोय.

बागेत झाडलोट करायला छबूबाई होती. जातीनं बेलदार. कारखान्याची चिमणी ज्या दगडांवर उभी आहे, ते दगड तिच्या नवऱ्यानं, सहादूनं, आपल्या सहा गाढवांवर वाहून आणले होते. पाया भरताना कड कोसळली आणि सहादू दोन गाढवांसकट खाली गेला. कारखान्याच्या दारात उद्घाटनाची संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर सत्तावीस नावं आहेत, फीत धरणाऱ्यापर्यंत सगळ्यांची. सहादूचं नाही.

एका दुपारी ती झाडू टेकवून माझ्यापुढं बसली.

"मास्तर, गाढवाला मानूस मिळंना म्हनं."

"नाही मिळत."

"मग आमच्या मानसाचं नाव टाका की. त्याला काय लाज न्हाई वाटायची. जल्मभर गाढवांसंगंच हुता."

मी रीत सांगितली. नाव टाकायचं तर सिमेंट द्यावं लागतं.

"हाय माज्याकडं," ती म्हणाली. "तुमी चार पुतळे केले, त्याचं खाली सांडल्यालं रोज झाडून, चाळून ठिवलंय. तीन पोती झालीत. आमच्यात कुनाचंच नाव दगडावर न्हाई, मास्तर. दगड आमी फोडायचा आन् नाव दुसऱ्याचं. पोरं त्याच्या नावानं हाका मारत्याल, एवढंच पायजे मला."

मी गाढव केलं. चारी पुतळ्यांत असं काम माझ्या हातून झालं नाही. पडद्यावर जसं हसायचं, तसंच हसत होतं. चौथऱ्यावर दोन दिवस खपून नाव कोरलं. 'कै. सहादू बेलदार यांच्या स्मरणार्थ.' छबूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं एकेका अक्षरावरून बोट फिरवलं आणि यातलं सहादू कुठून कुठपर्यंत, ते दोनदा विचारून घेतलं.

उद्घाटनाला आठ दिवस राहिले असताना आप्पासाहेब बघायला आले. गाढवापुढं थांबले आणि पोट धरून हसले. "डिट्टो उतरवलंय, मास्तर." मग त्यांची नजर खाली गेली.

"हे कोन?"

मी सांगितलं.

"मानूस चांगला हुता," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ते कधी आवाज चढवत नाहीत, त्यांना तशी गरजच पडत नाही. "पर माझ्या बापाच्या शेजारी बेलदार बसवनार का तुमी? पावनेरावळे येत्याल, मंत्री येत्याल. गाढव राहू द्या, पोरांना आवडतं. नाव तेवढं काढून टाका."

छबूबाई झाडू घेऊन तिथंच उभी होती. "मालक, सिमेट माजं हाय," ती म्हणाली.

"झाडल्यालं सिमेट कारखान्याचंच असतंय, बाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी आप्पासाहेबांकडं पाहिलं. माझी नोकरी कारखान्याची, घर कारखान्याचं, पोरीला कॉलेजात जागा मिळाली ती आप्पासाहेबांच्या चिठ्ठीवर. छिन्नी मीच चालवली. कोरायला दोन दिवस लागलेलं नाव घटकाभरात गेलं. ती शेवटपर्यंत बघत राहिली आणि खाली पडलेला चुरा तिनंच झाडला.

बाग सुरू झाली. आणि आम्ही सगळे शहाणे जे विसरलो होतो, ते पोरांनी पहिल्याच दिवशी दाखवून दिलं. आमच्याकडं दगडावर जे नाव असतं, तेच त्या वस्तूचं नाव होतं. पोरं सिंहाला तात्याबा म्हणू लागली, मोराला रामजी. गाढवाचा चौथरा कोरा. पण शेजारच्या हत्तीच्या चौथऱ्यावरचं नाव मी नेमकं गाढवाकडच्या बाजूला कोरलेलं. गाढवावर बसायला रांगेत उभं राहिलेल्या पोराच्या नाकासमोर तेच नाव यायचं.

"मी भिमाजीवर बसनार."

"उतर की आता भिमाजीवरून, माजी पाळी हाय."

"त्याचं कान नको धरू, भिमाजी लाथ मारील."

पोरांच्या मनात काही नव्हतं. मोठ्यांच्या मनात होतं. गावाला आयतंच कोलीत मिळालं. बाजाराच्या दिवशी श्रीरामपूरपासूनची माणसं भिमाजी बघायला यायची आणि एकमेकांना कोपर मारत परत जायची. आप्पासाहेबांना सांगणार कोण? महिनाभर कुणी सांगितलं नाही. शेवटी त्यांच्याच पाच वर्षांच्या नातीनं सांगितलं. जेवताना ती म्हणाली, "आजोबा, मी आज भिमाजीवर बसले. लई गरीब हाय तो. फक्त हसतो."

दुसऱ्या दिवशी, बागेच्या सुट्टीच्या वारी, चार माणसं घण घेऊन आली. सिमेंट मी चांगलं घोटलेलं होतं, त्यामुळं दुपार झाली. राडारोडा शाळेच्या वाटेवर भर म्हणून टाकायचा हुकूम होता आणि टोपल्या वाहायला छबूबाईलाच लावलं होतं. गाढवाचं हसणं शेवटी फुटलं. दोन तुकडे झाले, आणि दोन्ही तिच्याच टोपलीत आले.

मी बाजूला उभा होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "वाईट झालं, छबूबाई."

ती थांबली. रागावलेलीही नव्हती. हिशेब पोराला समजावून सांगावा तसं म्हणाली, "मास्तर, नाव ठिवलं असतं तर पोरं त्याला सहादू म्हनली असती. मालकाच्या बापाला कुनी गाढव म्हनलं नसतं. आन् गाढव बी राहिलं असतं."

टोपली डोक्यावर द्यायला मी हात पुढं केला. तिनं टोपली बाजूला ओढली, गुडघ्यावर घेतली आणि एकटीनं उचलली.

पुढं दुष्काळ पडला. छबूबाई सरकारी कामावर खडी फोडायला गेली, ती बागेत परत आली नाही. गाढवाच्या तुकड्यांवरून मी रोज शाळेत जातो. चौथरा मात्र कुणी फोडला नाही, तो हत्तीशेजारी रिकामाच आहे. माणसं त्याच्यापाशीच उभी राहून विचारतात, गाढव कुठंय, आणि मी त्यांना जागा पुरली नाही म्हणून सांगतो. रिकाम्या चौथऱ्यावर नाव कोरायला सिमेंट लागत नाही, परमिट लागत नाही. छिन्नी माझ्या घरातच आहे. घर अजून कारखान्याचं आहे.