सपाट मुलखातली ताई

माझी ताई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी पंधरा. पलीकडच्या खिंडीतली एक बाई आली, उत्तरेत कापसाच्या गिरणीत पोरी हव्यात म्हणाली, आणि ताई तिच्यामागून डोंगर उतरून गेली. ताईचं नाव नोंग याफेन, माझं मेइचुन. आमचं गाव दक्षिण चीनमधल्या क्वांगशीच्या चुनखडीच्या डोंगरांत, वाटीच्या तळाशी असावं तसं. वर बघितलं तर आभाळही गोलच दिसतं. गिरणी वगैरे काही नव्हती. पुढच्या वर्षी पत्र आलं तेव्हा कळलं, ताईचं हेबेई प्रांतात लग्न लागलंय.

त्यानंतर एकतीस वर्षं काही नाही.

माझी मुलगी नाननिंगला मोबाईलच्या दुकानात असते. वडील वारल्यावर त्यांच्या पेटीत त्या पत्राचं जुनं पाकीट तिच्या हाती लागलं. तिने त्यावरच्या पत्त्यावर, ताईच्या गावच्या कचेरीला, चिठ्ठी टाकली. दोन आठवड्यांत ताईचा फोन नंबर आला.

"आई, इतकं सोपं होतं," मुलगी म्हणाली, "मग तुम्ही कोणी आधी का नाही केलं?"

मी भांडी घासायला घेतली.

फोनवर ताई सरकारी चिनीत एवढंच बोलली, "यायचं तर ये." आमच्या च्वांग जमातीच्या बोलीत एक शब्द नाही. मला वाटलं, सासरची माणसं जवळ असतील.

आई ब्याऐंशीची. डोळे गेलेले. म्हणाली, "तिला घेऊनच ये. सांग, मी अजून आहे." तिसऱ्या महिन्याच्या सणाचा पाच रंगांचा भात आम्ही दोघींनी शिजवला, उन्हात खडखडीत वाळवला आणि पिशवीत बांधला. ताईचा सगळ्यात आवडता.

आमच्या जिल्ह्याबाहेर मी पहिल्यांदाच पडत होते. मुलीने मला गाडीत बसवून दिलं. क्वेलिनला सहलीची लाल टोपी घातलेली एक बाई शेजारी येऊन बसली. चंगचौ शहरातली, शाळेतून निवृत्त झालेली.

"कुठली गं तू? बोलणं वेगळंच आहे."

"च्वांग आहे मी."

"अय्या! मग गाणी येत असतील तुला! आम्ही परवाच बघितलं, नदीवर कार्यक्रम होता. पाचशे माणसं, काय ते दिवे, काय ते चांदीचे दागिने! तुझे कपडे कुठेत तसले?"

"आम्ही शर्ट-पँटच घालतो बाई."

"हात्तिच्या! मग आम्ही तिकीट कशाला काढलं!" ती खो खो हसली. मीही हसले. तिने सूर्यफुलाच्या बिया पुढे केल्या. "फिरायला निघालीस?"

"बहिणीकडे."

"वा! बहिणीकडे जाण्यासारखं सुख नाही बघ. किती दिवसांनी भेटताय?"

"एकतीस वर्षांनी."

तिचा बी सोलणारा हात थांबला. पहाटे उतरताना उरलेल्या बियांची सगळी पुडी माझ्या मांडीवर ठेवून गेली.

उजाडलं तेव्हा बाहेर एकही डोंगर नव्हता. नुसता गहू, हिरवा, आभाळाला टेकेपर्यंत. मध्येच जांभळी फुलं आलेली झाडं, विटांची घरं, पुन्हा गहू. नजर कुठे अडेना. मला उघड्यावर अंघोळीला बसवल्यासारखं झालं. माझ्या मनात आलं, इथून पळायचं म्हटलं तर माणूस चार कोसांवरूनही दिसेल.

शिंगथाइला उतरले. तिथून बसने दोन तास. फाट्यावर बॅटरीची तीनचाकी घेऊन एक जाडजूड बाई उभी होती. डोक्याला फडकं, गाल वाऱ्याने तांबडे झालेले. मी तिच्यामागे ताईला शोधायला लागले.

"मेइचुन ना?" ती म्हणाली. "आईचाच चेहरा घेऊन आलीस. बस मागे."

मी आमच्या बोलीत ताई म्हणून हाक मारली. प्रवास कसा झाला, आई कशी आहे, सगळं एका दमात सांगत सुटले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हळू बोल. आणि चिनीत बोल. मला ते येत नाही आता."

"येत नाही म्हणजे?"

"नाही येत. गेलं."

मला सरकारी भाषा मोडकीतोडकी येते, आणि तिची तर हेबेईच्या खेड्यातली. निम्मं कळायचं, निम्मं वाऱ्यावर जायचं. एकाच आईच्या पोटच्या दोघी, पण बाजारात भाव करणाऱ्या परक्या बायांसारख्या बोटं दाखवत बोलत होतो.

घर चांगलं होतं. विटांचं, अंगण फरसबंद. दाजी अंगणात खुर्चीत बसलेले. ताईपेक्षा तेरा वर्षांनी मोठे, तीन वर्षांपूर्वी उजवं अंग लुळं पडलेलं. मला बघून त्यांनी मान खाली घातली. ताईने त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली आणि माझं नाव ओरडून त्यांच्या कानात सांगितलं. मुलगा शिचियाच्वांगला नोकरीला, फोटोत दिसला. कान आमच्या वडिलांचे.

मी भात वाफवून पुढे ठेवला. पिवळा, काळा, जांभळा, तांबडा, पांढरा.

"हा रंगवलाय कशाला?" ताईने विचारलं.

"ताई, सणाचा आहे. काळ्या रंगासाठी तू पाला आणायला वर खडकावर चढायचीस. एकदा पडलीस, गुडघा फुटला."

तिने पँटचा पाय वर करून गुडघा बघितला. वण होता. "असेल," ती म्हणाली. दोन घास खाल्ले आणि ताट सरकवून स्वतःसाठी वाफवलेली पावरोटी घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेतात गेलो. गव्हाला पाणी सोडायचं होतं. पंप सुरू करून ती बांधावर बसली, मला शेजारी बसवलं. मग एकदम म्हणाली, "पत्र पोचलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "पोचलं होतं."

"वाचलं कोणी?"

"मीच. घरात वाचता येणारी मीच होते."

"काय होतं त्यात?"

"सगळे चांगले आहेत. नवरा मारत नाही. आणि इथला गहू पचत नाही, आल्यापासून पोटात दुखतं."

"गव्हाचं तेवढंच वाक्य माझं होतं," ताई म्हणाली. "बाकीचं चुलतसासऱ्याने मनाने लिहिलं. तो लिहीत होता, सासू समोर बसलेली. चार दिवस विचार केला मी, काय सांगितलं तर ही लोकं लिहू देतील आणि माझ्या माणसांना कळेल. घरी दुष्काळात कोंड्याची पेज पिऊन वाढलेली मी. पोट दुखलं होतं का कधी माझं?"

"नाही."

"आईला कळेल वाटलं. बाबांना कळेल वाटलं." तिने मातीचं ढेकूळ पाण्यात टाकलं. "काय म्हणाले?"

"बाबा हसले. म्हणाले, नवरीचे नखरे, होईल सवय. शेजारचेही हसले."

"आणि तू?"

मी म्हणाले, "मीही हसले. पण मला कळलं होतं, ताई. वाचतानाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

मला उत्तर माहीत होतं, एकतीस वर्षं माहीत होतं. ताई गेल्यावर तिची खिडकीजवळची खाट मला मिळाली होती. त्याआधी मी आजीच्या पायाशी जमिनीवर निजायची. आणि ताई परत आली तर ती गिरणीवाली बाई तिच्या बदली मला न्यायला येईल, अशी भीती होती. एवढंच. मी ते सांगितलं. मोडक्या चिनीत, शब्द शोधत शोधत.

ताई रागावली नाही. रागावली असती तर मी तिचे पाय धरले असते. ती म्हणाली, "तीन वर्षं फाटक बाहेरून बंद असायचं. मी अंगणात मोठ्याने आपल्या बोलीत बोलायची, झाडाशी, कोंबड्यांशी. विसरू नये म्हणून. कोणी आलं तर त्याला सांगता यावं म्हणून. मुलगा झाला, तोही ते शब्द बोलायला लागला तेव्हा सासूने त्याला मारलं. मग बंद केलं." ती उठली. "पाणी भरलं. चल, ह्यांना औषध द्यायचंय."

"ताई, माझ्याबरोबर चल. चार दिवस. आई वाट बघते."

"ह्यांना कोण बघेल?"

"ज्यांनी फाटक बंद केलं त्यांना?"

"हो, त्यांनाच," ती म्हणाली. "माझ्याकडे दुसरं कोण आहे?"

निघायच्या दिवशी सकाळी मी आईला फोन लावला आणि ताईच्या कानाशी धरला. आईचा आवाज मलाही ऐकू येत होता. ती ताईच्या लहानपणच्या लाडक्या नावाने हाका मारत होती, रडत होती, खाट झाडून ठेवलीय म्हणत होती. ताई ऐकत राहिली. डोळे माझ्याकडे. ओठ हलले, पण तिला कुठलाच शब्द सापडेना. शेवटी तिने चिनीत विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" आईला चिनी अजिबात कळत नाही.

फोन माझ्याकडे आला. आई म्हणाली, "मेइचुन, कोण बाई आहे ही? तिला सांग बाजूला हो. माझ्या लेकीला दे."

"काय म्हणतेय?" ताईने विचारलं.

"म्हणतेय, जेवलीस का."

"सांग, जेवले."

तिने मला फाट्यावर सोडलं, पावरोट्यांची पिशवी दिली. बस यायच्या आधीच परत फिरली. दाजी एकटे होते. रस्ता इतका सपाट, की तिची तीनचाकी कितीतरी वेळ दिसत राहिली.

घरी आल्यावर मी आईला सगळं खरं सांगितलं. तीच ताई आहे, गुडघ्यावर वण आहे, बोली तेवढी गेली. आईने शांतपणे ऐकलं.

"ती माझी नाही," ती म्हणाली. "माझी लेक माझ्याशी बोलली असती. ती तिथे कधीच मेलीय. तू मला दुःख होऊ नये म्हणून कोणाला तरी उभं केलंस."

मी पुष्कळ समजावलं. पुन्हा फोन लावते म्हणाले, तर तिने कानावर हात ठेवले.

सातव्या महिन्यात, मेलेल्यांच्या सणाला, आईने चाचपडत, मेलेल्याला पोचावेत म्हणून जाळायचे कागदाचे कपडे कापले. एक सदरा, एक परकर, तरुण मुलीच्या मापाचे. शेजारची काकू म्हणाली, "अहो, लग्न झालेल्या मुलीचं माहेरी करत नाहीत."

"लग्न?" आई म्हणाली. "तिचं लग्न आम्ही कुठे लावलं?"

आईला दिसत नाही, म्हणून काडी मला ओढावी लागली. उदबत्ती लावून मी ताईचं नाव मोठ्याने घेतलं, आईला ऐकू जाईल असं, आणि परकराला खालून काडी लावली.