दोन कार्बोरेटरची गाडी

"मिस्त्री, चढावर परत अडखळली हो!" वकीलबाई गाडीतून उतरता उतरता म्हणाल्या.

आठवड्यातली ही तिसरी खेप. मिस्त्रींनी लाल गाडीचं बॉनेट उघडलं. दोन सीटांची ही स्पोर्ट्स कार बाईंच्या वडिलांनी तरुणपणी हौसेनं घेतलेली. गेली चाळीस वर्षं तिच्या इंजिनाला मिस्त्रींखेरीज कुणाचा हात लागला नव्हता.

शेजारी मिस्त्रींची स्वतःची गाडी उभी होती. तीही त्याच काळातली, पण बुटकी, फिकट हिरवी. चार माणसं आणि वर किराणा कोंबला तरी कुरकुर न करणारी. दोघींची तुलना निघाली की मिस्त्री म्हणायचे, "तुमची नवरी आहे बाई, आमची बायको."

"काय, आज नवरी रुसली का?" बाईंनी विचारलं.

मिस्त्री नुसते हसले. बाईंचे ओठ हलले, एवढंच त्यांना कळलं होतं.

हिरव्या गाडीला कार्बोरेटर एकच. स्क्रू अर्धा फेरा इकडेतिकडे झाला तरी ती सांभाळून घ्यायची. लाल गाडीला दोन, आणि दोघांनी एका मापानं हवा ओढायला हवी. ते माप कानाचं. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडची सूं सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं.

इंजिन सुरू करून मिस्त्रींनी नळी पहिल्यापाशी धरली, मग दुसऱ्यापाशी. दोन्हीकडे कापूस कोंबल्यासारखी तीच शांतता. मग त्यांनी इंजिनावर तळवा ठेवला आणि थरथरीवरून अंदाज बांधायला लागले. हिरव्या गाडीला एवढ्यावर भागायचं.

बाई जवळ आल्या. लहानपणापासून वडिलांबरोबर इथे उभं राहून त्यांचाही कान तयार झाला होता. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "डावीकडचा जास्त ओढतोय, मिस्त्री. ऐकू येतंय ना?"

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. हात पुसायला फडकं घेतलं आणि बराच वेळ पुसत राहिले.

"नाही बाई. नाही येत ऐकू."

"कधीपासून?" बाईंनी तसंच मोठ्यानं विचारलं.

"झाली दोन वर्षं. बोललो नाही. वाटलं, हात शाबूत आहेत तोवर निभेल."

"अहो, मग मशीन लावा की कानाला!"

"लावून पाहिलं. डोक्यात नुसता खडखडाट होतो. त्यात सूं कुठली सापडायची?"

बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत. मिस्त्रींनी एका कागदावर पलीकडच्या शहरातल्या गॅरेजचा पत्ता लिहून दिला.

"माणूस हुशार आहे. फक्त त्याला सांगा, सकाळी गार असताना हिला पिटाळायची नाही. दोन मिनिटं द्यायची. दुसरा गिअर जरा हटवादी आहे, त्याच्याशी भांडायचं नाही. आणि घाई करायला लागला, तर गाडी परत घेऊन या. म्हणजे... दुसरीकडे न्या."

बाईंनी त्यांचा काळा झालेला हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी म्हणाल्या. त्यात 'बाबा' एवढाच शब्द मिस्त्रींना उमगला. परत विचारावंसं वाटलं नाही.

लाल गाडी निघाली. चढावर ती एकदा अडखळली. ते त्यांना दिसलं, इतकंच.

पाच वाजता ते बायकोला आणायला निघाले. ती शाळेच्या वाचनालयात कामाला होती. गाडीत बसून तिनं दार ओढून घेतल्यावर ते म्हणाले, "आज सांगून टाकलं बाईंना."

तिनं मान हलवली. चौकात मिस्त्रींनी इंडिकेटर देऊन गाडी वळवली आणि पुढच्या लांबच लांब सरळ रस्त्याला लागले. थोडं अंतर गेल्यावर बायकोनं शांतपणे हात लांब केला, अजून टिकटिकणाऱ्या इंडिकेटरची स्टिअरिंगमागची दांडी मध्यावर आणली आणि हात परत मांडीवर ठेवला.

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. ती समोर रस्त्याकडे बघत होती. असं ती किती दिवसांपासून करत आली होती, ते त्यांनी विचारलं नाही.