आखणीचं कुलूप

रोह्याच्या क्लासमध्ये भूमिका एन्क्रिप्शन शिकवायची ती मोठ्या रुबाबात. "चोराच्या हाती फाइल लागली तरी पासवर्डशिवाय त्याला कचराच दिसणार," असं ती सांगायची. तेच आता तिच्या मुळावर आलं होतं.

माहेर हमरापूरचं, गणपतीचा कारखाना. साचा कोणीही भरतो, रंगही कोणी देतो. पण डोळ्यांची आखणी आई करायची, आणि गिऱ्हाईक त्या डोळ्यांसाठी यायचं. घरात ही आखणी सासूनं सुनेला द्यायची. लेकीला नाही, कारण ती कला घेऊन परक्या घरी जाते. भूमिकेच्या सासरी भातशेती, तिथं गणपती करतो कोण? पण नियम तो नियम!

अमोलचं, म्हणजे भावाचं, लग्न लांबत होतं. वयानं हात थरथरायला लागले तशी चंद्रावतीनं, म्हणजे आईनं, दार लावून घेऊन आखणीचे व्हिडिओ काढून ठेवले. कारखान्यात मूर्तींची ऑर्डर द्यायला येईल त्या एजंटाला चहाबरोबर वायफायचा पासवर्ड देण्याची रीत. एकदा शेजारचा कारखानदार प्रविण लॅपटॉप घेऊन बसला आणि नेटवर्कवर त्याला यांचा शेअर केलेला व्हिडिओंचा फोल्डरच दिसला. भूमिका धावत आली. तिनं व्हिडिओ एन्क्रिप्ट केले, दोन बॅकअप घेतले, तेही एन्क्रिप्ट केले. मोबाइलमधले मूळ व्हिडिओ पुसले. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, "तोंड तिकडं कर गो. सून आली का तिला सांगीन."

भूमिका हसली आणि तोंड फिरवून बसली.

सून यायच्या आतच, पासवर्ड कोणाला न सांगता, आई झोपेतच वारली. वर्षाच्या आत अमोलचं लग्न उरकलं. आता नवी सून ऋतुजा ब्रश घेऊन उभी होती, आणि समोर बिनडोळ्यांचे गणपती ओळीनं मांडलेले. तिनं अंदाजानं एक जोडी आखली. काळुराम, भूमिकेचे वडील, बराच वेळ बघत राहिले. "पोरी, हात चांगला हाय तुझा," ते म्हणाले, "पन हे आपल्या घरचे डोळे नायत."

भूमिका कॉम्प्युटरपुढं बसली. ईमेलचा पासवर्ड विसरला तर नवा मागता येतो. इथं मागायचा कोणाकडं? तिनं ग्रामदेवीचं नाव टाकलं. वडिलांचं, अमोलचं, आईच्या माहेरचं गाव, जन्मसाल. चूक. चूक. शेवटी तिनं स्वतःचं नाव टाकलं. टाकताना तिला भयंकर आशा वाटली, आणि त्या आशेची लाजही वाटली.

तेही चूक निघालं. ती तोंडात पदर कोंबून रडली.

काळुराम मागं येऊन उभे राहिले. "तू तर हेच शिकवतेस ना गो? उघडंल काय?"

"नाय उघडायचं, बाबा," ती म्हणाली. "मीच लय मजबूत केलंय."