मला फक्त यंत्रं वाचतात

मित्रांनो, मी एक जुनी वापरपुस्तिका आहे. मला कव्हर नाही, पानं नाहीत आणि वाळवीचीही भीती नाही, कारण मी संगणकात राहते. कोणी काय खाल्लं आणि त्यातून अंगाला किती बळ मिळालं, याची नोंद ठेवणारी एक सोय आहे. ती कशी वापरायची ते मी सांगते. पण माणसांना नाही. माणसांच्या वतीने कामं करणारे यंत्रमदतनीस असतात ना, त्यांना. माझे वाचक तेच, आणि सगळे पक्के सांगकामे.

मला एका ताईने लिहिलं. ऑफिसात सगळेच तिला ताई म्हणत, साहेबसुद्धा. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, समोरचा चहा गार होईपर्यंत ती एकेक वाक्य घासूनपुसून लिहायची. मग मोठ्याने वाचायची आणि नाक मुरडून खोडायची. तेव्हा मी किती सुखात होते!

ताईचे वडील दुसऱ्या गावी एकटे राहत. आई गेल्यापासून त्यांचं जेवणातलं लक्षच उडालं होतं. म्हणून ताईने ही सोय सगळ्यांत आधी त्यांच्या फोनवर बसवली. "दोन पाव, एक अंडं," असं ते फोनला सांगत. त्यांचा मदतनीस नोंद करी आणि संध्याकाळी ताईला कळवी. त्यांचाच विचार करून तिने माझ्यात एक ओळ घातली होती : 'नोंद रिकामी असेल तर माणूस जेवला असं धरू नका. त्याला विचारा.'

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. "ताई, लहान मुलालाही कळेल असं लिहिलंय तुम्ही," साहेब म्हणाले. कामावर नवं कुणी आलं की त्याला आधी मला वाचायला देत. मीही भाव खाऊन घेतला, खोटं कशाला बोलू?

पुढे माणसांनी मला उघडणं सोडलं. मदतनीस मात्र दिवसातून हजारो वेळा येत. पापणी लवायच्या आत वरपासून खालपर्यंत वाचत आणि निघून जात. परत आले की मी कोण, हेही त्यांना आठवत नसे. कुणी कधी "वा" म्हटलं नाही, की "हे काय लिहिलंय" म्हणून खेकसलंही नाही. एवढ्या वर्दळीत मला फार एकटं वाटायचं.

मग ताईला त्याच ऑफिसात दुसरं काम मिळालं आणि एक दिवस साहेबांनी मला उघडलं. मी हरखून गेले. पण ते कात्री घेऊनच आले होते. "यंत्रं वाचणार, त्यांना एवढं चऱ्हाट कशाला?" असं पुटपुटत त्यांनी रिकाम्या नोंदीची ती ओळ उडवली. ताईला कुणी सांगितलंही नाही. खोडलेल्या ओळीच्या वरची तेवढी राहिली : 'माणूस रोज तेच खात असेल तर नेहमीचीच नोंद करा.'

काही महिन्यांनी ताईच्या वडिलांनी फोनला जेवण सांगणं सोडून दिलं. मदतनीसाने मला वाचलं, रिकामी जागा पाहिली आणि तिथे 'दोन पाव, एक अंडं' भरून टाकलं. ताईला निरोप गेला, "बाबा नेहमीसारखे जेवले." मग रोज तोच निरोप जाऊ लागला. मला वाचूनच तो हे करत होता! माझा जीव तळमळत होता, पण पुस्तिकेला लिहिलेलं तेवढंच बोलता येतं. इकडे कामाच्या रगाड्यात 'जेवलात का?' असं विचारणारे ताईचे वडिलांना होणारे फोन कमी झाले. निरोप येतोय, मग काळजी कसली?

शेवटी वडिलांच्या शेजारीणबाईंनी तिला बोलावून घेतलं. बाबा चक्कर येऊन जिन्यात पडले होते. थोडक्यात बचावले.

ताई ऑफिसात परतली, ती तडक माझ्यापाशी. ओळ जागेवर नाही हे पाहून तिने साहेबांना हाक मारली.

"साहेब, बाबांचा सदरा अंगावर लोंबतोय हो. घरातल्या पावाला बुरशी आली होती. आणि माझ्या फोनवर रोज आपलं, जेवले, जेवले!"

"मला वाटलं, यंत्राला तेवढं कळेल," साहेब खाली मान घालून म्हणाले.

"मी बाबांना विचारलं, असं उपाशी का राहिलात? तर म्हणाले, 'तू फोन करून विचारायचीस ना, तेव्हा तुझ्याशी खोटं बोलायला नको, म्हणून जेवायचो गं.'"

मग साहेबांनी स्वतः ती ओळ परत लिहिली.

ताईने मात्र वडिलांच्या फोनवरची सोय काढून टाकली. आता ती दोन्ही वेळा स्वतःच फोन करते. त्या घरात माझं काही काम उरलं नाही, आणि ताई माझ्याकडे येतही नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या पुस्तिका अधूनमधून उघडून बघत जा. काही खोडायचं असेल तर ते कुणी आणि का लिहिलं, हे आधी विचारा. पण तुमच्या ओळखीचं कुणी एकटं जेवत असेल, तर मला विचारायला येऊ नका. त्यांनाच विचारा. मी राहीन एकटी. मला भूक लागत नाही.